रिकामा रकाना: ऑफिसातल्या फाइली क्लाउडवर पाठवताना नेमकं काय ठरवायचं असतं?

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि शेकडो सरकारी सेवा एका फटक्यात बंद पडल्या. पुढे त्या एकेक करून परत आल्या. 'जी-ड्राइव्ह' मात्र आली नाही. ही सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फाइली ठेवायची सामाईक जागा होती, माणशी ३० जीबी. तिथला ८५८ टेराबाइट डेटा जळाला आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. कारण असं सांगितलं गेलं, की पसारा एवढा मोठा होता की बाहेर बॅकअप घेणं जमत नव्हतं.

एक गिगाबिट वेगाची एकच लाइन रात्रंदिवस चालू ठेवली तर ८५८ टीबी पाठवायला साधारण ८० दिवस लागतात. दहा गिगाबिटची असेल तर आठ. म्हणजे अडचण लाइनची नसावी. काय, कुठून, कुठे आणि कधी न्यायचं हे कुणी बसून ठरवलं नसावं, एवढंच.

मी सांगलीत छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो. २०१९ च्या पुरानंतर हार्ड डिस्क गच्चीवर उन्हात वाळत घातलेल्या मी पाहिल्यात. शेजारी चिंचा वाळत होत्या. तेव्हापासून गिऱ्हाईक भेटलं की एकच सांगतं, "आमचंही क्लाउडवर टाकून द्या." आता मराठीत 'टाकून देणं' म्हणजे फेकून देणंही होतं. चुकीच्या सेटिंगवर हे काम लावलं तर दुसरा अर्थच खरा ठरतो. तो कसा, ते सांगण्यासाठी हा लेख.

क्लाउड म्हणजे लांबचं कपाट नव्हे

आधी निघायचं ठिकाण. बहुतेक ऑफिसांत एका कोपऱ्यात दोन-चार डिस्कची एक पेटी असते आणि सगळे कॉम्प्युटर नेटवर्कवरून तिच्यातल्या फाइली उघडतात. तिला नॅस म्हणतात. ही पेटी कपाटासारखीच आहे. फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात फाइल.

पोचायचं ठिकाण म्हणजे क्लाउड, एखाद्या कंपनीची इंटरनेटवरून वापरायची साठवण. ते मात्र कपाटासारखं नाही. ॲमेझॉनने २००६ साली एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि पुढे जवळपास सगळ्यांनी तोच नमुना उचलला. ती रेल्वे स्टेशनवरच्या क्लोकरूमसारखी चालते. तुम्ही बॅग द्यायची, तिला चिठ्ठी लागते, चिठ्ठी दाखवली की बॅग परत मिळते. आतमध्ये ती कुठल्या फळीवर आहे याच्याशी तुमचा संबंध नाही. '२०२४/लग्नपत्रिका/माने' असं तुम्हाला दिसतं, पण तिथे '२०२४' नावाचा फोल्डर नसतोच. ती सगळी मिळून एकच लांबलचक चिठ्ठी असते आणि मधल्या तिरक्या रेघा म्हणजे तिच्यावरची अक्षरं.

यातून एक गोष्ट निघते आणि ती बऱ्याच जणांना महागात पडते. नॅसवर ४० जीबीच्या फोल्डरचं नाव बदलायला एक क्षण लागतो. क्लाउडच्या लेखी मात्र ४० जीबीच्या जुन्या चिठ्ठ्या नाहीशा झालेल्या असतात आणि ४० जीबीच्या नव्या बॅगा दारात आलेल्या असतात. 'लग्नपत्रिका'चं 'लग्न पत्रिका' केलं, मध्ये एक जागा सोडली, तरी सगळा माल पुन्हा वाहायचा.

मधला माणूस आणि त्याचा फॉर्म

या दोन ठिकाणांच्या मध्ये माल वाहणारा एक प्रोग्रॅम लागतो. फाइल नेटवर्कवरून इकडून तिकडे न्यायची पद्धत पहिल्यांदा लिहून काढली ती अभय भूषण यांनी, १९७१ साली, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत असताना. हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. त्या पद्धतीचं नाव एफटीपी. ती अजून काही ठिकाणी चालू असते आणि तिथे पासवर्ड उघडावाघडा जातो, म्हणून आज ती टाळायची. आता आरक्लोन नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो सत्तरच्या आसपास प्रकारच्या साठवणुकींशी बोलतो. ॲमेझॉनचं डेटासिंक आहे, गूगलची स्टोरेज ट्रान्सफर सर्व्हिस आहे. नावं वेगळी, पण फॉर्म एकच.

कुठून उचलायचं? कुठे ठेवायचं? कुणाच्या चावीने, म्हणजे कुणाच्या लॉगिनने? कधी आणि किती वेगाने? फाइल बदलली हे कशावरून ठरवायचं? मूळ जागी फाइल नाहीशी झाली तर तिकडच्या प्रतीचं काय करायचं? आणि काही बिघडलं तर कुणाला कळवायचं?

यातले पहिले दोन रकाने सगळेच भरतात. बाकीचे रिकामे सोडले तरी काम चालू होतं आणि खरी गोम इथेच आहे. रिकामा रकाना रिकामा राहत नाही. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच भरून ठेवलेला असतो आणि त्याने तुमचं ऑफिस पाहिलेलं नसतं.

"बाहेरचं कुणी आमच्या नेटवर्कात शिरणार नाही ना?"

हा प्रश्न पहिला येतो आणि रास्त आहे. नीट लावलेल्या कामात क्लाउड तुमच्याकडे येत नाही. तुमच्याकडचा प्रोग्रॅम आतून बाहेर जातो, तुम्ही बँकेची वेबसाइट उघडता त्याच वाटेने. त्यामुळे "या कामासाठी राउटरमध्ये एक पोर्ट उघडावं लागेल", म्हणजे बाहेरून आत यायला दार ठेवावं लागेल, असं कुणी म्हणालं, तर आधी का ते विचारा.

चावीचं म्हणाल तर कंजूषपणा बरा. नॅसवर या प्रोग्रॅमला फक्त वाचायची परवानगी, क्लाउडवर फक्त ठेवायची, पुसायची नाही. उद्या ऑफिसात खंडणीवाला व्हायरस शिरला आणि ती चावी त्याच्या हाती लागली, तरी तिकडची प्रत पुसता येणार नाही. पण जुन्या फाइलवर नवी खराब फाइल ठेवता येईल. म्हणून क्लाउडवर 'व्हर्जनिंग' चालू करायचं, म्हणजे जुनी आवृत्ती नव्याखाली शिल्लक राहते. हे बटण बहुतेक ठिकाणी आपणहून चालू नसतं.

कॉपी आणि सिंक: सगळ्यात महागडा रकाना

कॉपी म्हणजे इथे जे आहे ते तिथे ने. सिंक म्हणजे तिथलं हुबेहूब इथल्यासारखं कर. ऐकायला दोन्ही सारखंच. पण हुबेहूब करायचं तर इथे जे नाही ते तिथेही असता कामा नये. आरक्लोनमध्ये कॉपी तिकडचं काही पुसत नाही, सिंक पुसतं. विंडोजमध्ये फाइली कॉपी करायचा रोबोकॉपी नावाचा प्रोग्रॅम असतो, त्यात 'मिरर'चा स्विच लावला की तेच. आरसाच तो. तुम्ही समोरून बाजूला झालात की आरशातलेही नाहीसे होता.

हे मी अनुभवाने शिकलो. एका छापखान्याचं काम मी सिंकवर लावलं होतं, रोज रात्री दोन वाजता. एका संध्याकाळी वीज गेली आणि आली. नॅस चालू व्हायला वेळ लागला. काम चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरने तेवढ्यात नॅसचा फोल्डर जोडायचा प्रयत्न केला, तो फसला आणि पुन्हा काही त्याने केला नाही. त्या नावाचा फोल्डर तिथे होता, फक्त रिकामा. दोन वाजता प्रोग्रॅमने इमानेइतबारे पाहिलं की मूळ जागी एकही फाइल नाही, आणि क्लाउडही तसंच केलं. सकाळी मालकांचा फोन, "दादा, तिकडं काहीच दिसंना हो." व्हर्जनिंग चालू होतं म्हणून वाचलो. जुन्या आवृत्त्या वर काढायला दीड दिवस गेला. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, मागायला तोंडच नव्हतं.

माझं छोटं प्रकरण. मोठं पाहायचं तर जपानच्या क्योतो विद्यापीठाचं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्या स्क्रिप्टची, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने द्यायच्या आज्ञांच्या यादीची, सुधारलेली आवृत्ती बसवली. जुनी स्क्रिप्ट त्या वेळी चालूच होती. चालता चालता तिने मधूनच नवी वाचायला सुरुवात केली. त्यामुळे 'कुठल्या फोल्डरमधले जुने लॉग (कामाच्या नोंदी) पुसायचे' ती जागा कोरी राहिली. स्क्रिप्टने मग लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गटांच्या. चार गटांचं काम परत मिळालंच नाही. यंत्रणा पुरवणाऱ्या ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने चूक आपलीच म्हणून कबूल केली.

तेव्हा पुसायचा रकाना असा भरावा. शंका असेल तर कॉपी. सिंकच हवं असेल तर चावीला पुसायची परवानगीही द्यावी लागते, म्हणून तीन दोऱ्या बांधून. पहिली, 'ड्राय रन': काम खरोखर न करता काय काय केलं असतं त्याची यादी. ती डोळ्यांनी वाचायची. दुसरी, मर्यादा: एका रात्रीत ५०० पेक्षा जास्त फाइली पुसायची पाळी आली तर थांब. तिसरी, पुसायच्या फाइली थेट पुसू नकोस, तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये सरकव. आरक्लोनमध्ये तिन्हींची सोय आहे. तिन्ही आपणहून चालू नसतात.

फाइल बदलली हे त्याला कळतं कसं?

रोज सगळंच पाठवायचं तर दिवस पुरणार नाही, म्हणून फक्त बदललेलं पाठवायचं. साधी पद्धत म्हणजे आकार आणि तारीख जुळवणं. बहुतेकदा पुरते. पण क्लाउडवर फाइलची स्वतःची तारीख म्हणजे ती तिथे पोचल्याची तारीख. मूळ तारीख प्रोग्रॅमला चिठ्ठीला टाचून ठेवावी लागते आणि ती वाचायला दर फाइलमागे एक विचारणा करावी लागते. लाख फाइली, लाख विचारणा. काम कासवाच्या गतीने का चाललंय, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

पक्की पद्धत म्हणजे चेकसम. फाइलमधल्या सगळ्या बिटांवरून एक आकडा काढतात, एक बिट जरी हलला तरी आकडा पार बदलतो. आमच्याकडे ऊसवाले गाडी कारखान्यात न्यायच्या आधी बाहेरच्या काट्यावर घालून येतात, मग कारखान्याची पावती ताडून बघतात. काटामारीची भीती. चेकसम म्हणजे तीच ताडणी, निघताना एक आकडा, पोचल्यावर एक. वेळ जास्त लागतो, कारण अख्खी फाइल वाचावी लागते. मी रोज तारीख-आकार बघतो आणि रविवारी चेकसम.

मराठी नावांचा घोळ

इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये हे सहसा मिळणार नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ' कॉम्प्युटरवर निदान तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो. एक अखंड अक्षर म्हणून. दोन, साधा 'र' आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, जुन्या मॅकच्या डिस्कवर नावं अशी सुटी करून ठेवली जात. तीन, 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारी जोडखूण, काही कीबोर्ड असंच टंकतात. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. क्लाउडला चिठ्ठीवरचे बाइट, म्हणजे अक्षरांमागचे आकडे, तेवढे कळतात, त्यामुळे त्याच्या लेखी त्या तीन निराळ्या फाइली. पहिल्या दोन एकच आहेत हे आरक्लोन ओळखतो, कारण युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीचा, नियमच तसा आहे. तिसरी ओळखत नाही. 'दुसऱ्या प्रूफ'च्या दोन फाइली शेजारी शेजारी, अगदी एकाच नावाने दिसल्या तर भूतबाधा समजू नका.

दुसरा घोळ लांबीचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. 'ज्ञानेश्वर' म्हणजे दहा चिन्हं, तीस बाइट. बहुतेक नॅस आतून विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतात आणि तिथे नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर चिन्हं मोजतात, तिथे त्याच्या तिप्पट बसतात. त्या छापखान्यात फाइलचं नाव म्हणजे अर्धी पत्रिकाच असायची: 'चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांच्या शुभविवाहाची निमंत्रण पत्रिका दुसरं प्रूफ दुरुस्तीनंतर अंतिम'. विंडोजवर मजेत चालायचं, नॅसवर जायला नकार. आता पार्टीचं आडनाव आणि तारीख, बस्स.

"एक टीबी पाठवायला किती वेळ लागेल?"

लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे आठाचा फरक. १०० एमबीपीएसवर एक टीबी जायला साधारण २२ तास. पण तेही अपलोडचा वेग १०० असेल तर. बऱ्याच प्लॅनमध्ये खाली येणारा नळ जाड आणि वर जाणारा बारीक असतो. अपलोड २० असेल तर साडेचार दिवस. शिवाय अनेक 'अनलिमिटेड' फायबर प्लॅनवर महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा बारीक अक्षरात लिहिलेली असते. ती ओलांडली की वेग गळपटतो आणि मालक मला फोन करतात की नेट गेलं.

पहिली खेप जड असते, पुढच्या हलक्या. म्हणून वेगाचा रकाना कोरा सोडायचा नाही. दिवसा थोडं, रात्री मोकळं, असं वेळापत्रक लावता येतं. नाहीतर सोमवारी सकाळी अकरा वाजता अख्खं ऑफिस जीएसटीचं पोर्टल उघडायची वाट बघत बसतं.

आणि लाख बारीक फाइली एका मोठ्या फाइलपेक्षा जास्त वेळ खातात, आकार तेवढाच असला तरी. गुळाच्या ढेपा उतरवणं आणि सुटे शेंगदाणे मोजून देणं यात फरक असतोच. वर्षानुवर्षं न बदलणारं जुनं काम असेल तर त्याची वर्षवार झिप करून पाठवलेली बरी.

"हे सगळं ड्राइव्हचं ॲप करतंच की"

एकट्या माणसाच्या लॅपटॉपसाठी करतं, आणि चांगलं करतं. पण ते दोन्ही बाजूंनी सिंक आहे. टायपिंग करणाऱ्या पोराने चुकून फोल्डर पुसला की तो सगळीकडून पुसला जातो. ट्रॅशमध्ये काही दिवस राहतो खरा, पण ते लक्षात यायला महिना गेला तर? बॅकअप आणि सामाईक कपाट ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच्या भरवशावर दुसरं सोडू नये.

"एकदा क्लाउडवर गेलं की कंपनी सांभाळेल"

डिस्क बिघडली तर सांभाळेल, त्यांच्याकडे एका फाइलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असतात. पण रिकामे रकाने त्यांच्याकडेही असतात. युनिसुपर हा ऑस्ट्रेलियातला निवृत्तिवेतन फंड, सहा लाखांहून जास्त सभासद. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडवरची त्यांची एक खाजगी यंत्रणा अख्खी पुसली गेली. गूगलने नंतर स्वतःच सांगितलं की यंत्रणा उभारताना आतल्या एका साधनात एक रकाना कोरा राहिला होता, साधनाने त्याचा अर्थ 'एक वर्षाची मुदत' असा घेतला, आणि मुदत संपल्यावर सगळं आपोआप पुसलं. फंड वाचला, कारण त्यांचे बॅकअप वेगळे ठेवलेले होते, त्यातले काही तर दुसऱ्याच कंपनीकडे.

खर्चाबद्दल थोडक्यात. माल आत ठेवायला बहुतेक मोठ्या कंपन्या वाहतुकीचे पैसे घेत नाहीत, बाहेर काढायला घेतात. स्वस्त 'आर्काइव्ह' कप्पा दिसला म्हणून रोज बदलणाऱ्या फाइली तिथे टाकू नका. तिथे किमान मुदतीचं भाडं भरावं लागतं आणि फाइल बाहेर यायला तासन् तास लागू शकतात. पाठवताना अर्धवट राहिलेल्या मोठ्या फाइलींचे तुकडेही क्लाउडवर पडून असतात. यादीत दिसत नाहीत, बिलात असतात. ते ठरावीक दिवसांनी साफ करायचा नियम लावता येतो, आणि हो, तोही रकाना कोराच असतो.

चाललंय का, ते कुणाला विचारायचं?

जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला. मग त्यांनी एस-थ्रीवरचा बॅकअप काढायला घेतला, तर तिथे काहीच नव्हतं. बॅकअपचा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्यामुळे रोज फसत होता. फसल्याचे मेलही पाठवत होता, पण ते मेल वाटेतच नाकारले जात होते. अखेर कुणीतरी योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या प्रतीवर त्यांना भागवावं लागलं. म्हणून मी बिघडल्याचा मेल मागत नाही, रोज नीट झाल्याचा मागतो. सकाळी चहाबरोबर तो आला नाही, की काहीतरी गडबड आहे.

आणि दर तीन महिन्यांनी एखादी फाइल परत काढून बघतो. मागच्या खेपेला छापखान्याच्या मालकांनाच म्हटलं, तुम्ही निवडा. त्यांनी २०११ ची एक पत्रिका सांगितली, कोरलड्रॉमधली. फाइल आली, चेकसम जुळला, नव्या कॉम्प्युटरवर उघडली. गणपती जागेवर, महिरप जागेवर, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंस-टिंबांचा भुगा. युनिकोड यायच्या आधीचा मराठी फॉन्ट होता तो. तो जुन्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हमध्ये राहिला होता आणि 'कुठून उचलायचं' या पहिल्याच रकान्यात मी फक्त नॅसचा पत्ता लिहिला होता.

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो जुना डबा माळ्यावर हाय अजून. द्यायचाच हुता भंगारात, दिवाळीला." आम्ही तो खाली काढला, धूळ झटकली, तिसऱ्या खेपेला चालू झाला. फॉन्टचा फोल्डर यादीत घातला. ४१२ फाइली, ३८ एमबी, एक मिनिटही लागलं नाही.